कोऱ्या मॅट

निशिकांतला पहिलीवहिली गाडी घ्यायची होती, तीही जुनी, आणि गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून कारखान्यात तपासणी विभागात असलेले त्याचे देशकरसाहेब दर रविवारी त्याच्याबरोबर जुन्या गाड्या बघत अवधपुरीची सगळी वस्ती पालथी घालायचे. गाडीचं दार उघडलं की ते आधी पायाशी बघत.

"मॅट कोरी करकरीत दिसली की समजायचं, आत पाणी शिरलं होतं आणि ते लपवलंय. मालक कितीही भाईसाब-भाईसाब करू दे, मागे फिरायचं."

सहा महिन्यांत त्यांनी अकरा गाड्या नापास केल्या.

मग साहेब निवृत्त झाले. क्वार्टर सोडून नागपूरला निघताना त्यांनी निशिकांतला घरी बोलावलं आणि स्वतःच्याच गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "परक्याला कशाला देऊ? तू घरचा. बघून घे."

काकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिकसुद्धा काढून ठेवलं होतं. निशिकांतने दार उघडलं आणि सवयीने खाली बघितलं. चारही मॅट कोऱ्या करकरीत होत्या.

"कशी आहे?" साहेबांनी लांबूनच विचारलं.



"तुमची गाडी, साहेब, त्यात काय बघायचं," असं म्हणून त्याने काकूंनी पुढे केलेला पेढा तोंडात टाकला.