ऋचासाठी लिहिलेलं पुस्तक

ऋचा घर सोडून गेल्याला तीन दिवस झाले होते. तिच्या कपाटात सापडलेली पुस्तिका इन्स्पेक्टर तबस्सुम मुजावर यांनी तिच्या आईपुढे, वैजयंतीबाईंपुढे ठेवली.

"पोरांना जाळ्यात ओढणाऱ्या एका अतिरेकी संघटनेची प्रशिक्षण पुस्तिका. पूर्वी सगळ्यांना एकच असायची. आता त्यांचं एआय यंत्र प्रत्येक पोरासाठी वेगळी लिहितं."

पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'तुझ्याच्यानं आयुष्यात काही व्हायचं नाही.' खाली छापलं होतं, 'असं म्हणणाऱ्यांना आता दाखवून दे.'

बाईंचा चेहरा उतरला. "हे मीच बोलले होते. स्वयंपाकघरात. आम्ही दोघीच होतो."

"तुमचा फोनही होता. दोन वर्षं ते त्यातून ऐकत होते. ऋचाच्या फेसबुकवरच्या चौदा मैत्रिणीही त्यांनीच बनवल्या. एकही खरी नाही."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. ऋचाचा आवाज होता.

"आई, माझं चुकलं गं. मी बंद सूतगिरणीपाशी आहे. एकटीच ये."

"तिलाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा," मुजावर कुजबुजल्या.

"बाबा तुला काय म्हणून हाक मारायचे?"

"चिमणाबाई," आवाज रडत म्हणाला आणि फोन बंद झाला.

बाईंनी सुटकेचा श्वास घेतला. मग त्यांना आठवलं, गेल्याच महिन्यात हे नाव त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं होतं.

"बाई, ती ऋचा नसेलही. ते यंत्र तिचा आवाजही हुबेहूब काढू शकतं," मुजावर म्हणाल्या.

"आणि असली तर?"

वैजयंतीबाई चपला घालून दाराबाहेर पडल्यासुद्धा.