चिंचेच्या पाण्याची वीज

शेषम्माचं पत्र आलं तेव्हा वरुणराव चोवीस वर्षांचे होते, आणि त्यांनी त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

ती पापनाशमच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वरुणराव तंजावरच्या एका ग्रंथालयात मोडी कागदांच्या याद्या करत. ती एकदा मुलांना घेऊन तिथे आली होती, तेवढीच भेट. मग आठवड्याभरात पत्र. ‘बगदादजवळ एक फार जुनी मातीची बरणी सापडली आहे. आत तांब्याची नळी, नळीत लोखंडी सळई. प्राचीन लोक वीज करत होते का, असं मुलं विचारतात. तुम्ही दिवसभर पुस्तकांत असता. पुराव्यासकट कळवा. वाट पाहते.’

वरुणरावांनी तीन मसुदे केले. पहिल्यात ‘हो’ होतं, दुसऱ्यात ‘नाही’, तिसऱ्यात दोन्ही. चुकलं तर ती हसेल, म्हणून तिन्ही फाडले. तेवढ्यात लग्नसराईचा आवणी महिना आला, वडीलधाऱ्यांनी त्यांचं लग्न लावून दिलं, आणि उत्तर राहून गेलं.

सेहेचाळीस वर्षं राहिलं.

येत्या शुक्रवारी तिरुक्कडैयूरच्या देवळात त्यांची सत्तरीची शांती होती. नवरा-बायकोनं पुन्हा एकमेकांना हार घालायचे. साठ पाहुणे येणार, फुलं सांगून झालेली. आणि ऐन वेळी राजलक्ष्मी, त्यांची बायको, अडून बसली.

“बाईमाणसाचं पत्र पेटीत दडवून माझ्या गळ्यात हार घालणार? नाही चालायचं. आधी उत्तर टाका.”

“अगं, इतक्या वर्षांनी? तिला नातवंडंसुद्धा झाली असतील.”

“होऊ देत की. नातवंडं झाली म्हणून काय वाट बघायची थांबते?”

“साठ माणसांपुढे माझी फजिती करशील?”

“करीन,” राजलक्ष्मी म्हणाली आणि तिनं कॉफीचा टंबलर त्यांच्यापुढे आपटला.

वरुणरावांनी पुन्हा सगळी टिपणं काढली. चार वह्या भरल्या होत्या. कुणी म्हणे ती बरणी म्हणजे बॅटरी, कुणी म्हणे तिच्यात नुसती पोथीची गुंडाळी ठेवत. दोघंही मोठे विद्वान. मग आपण कोण सांगणारे?

“ताता, वाचून किती दिवस काढणार?” जननी म्हणाली. ही त्यांची नात, इंजिनिअरिंगला होती. आजोबांचं मराठी तिला सगळं समजायचं, स्वतः मात्र ती तमिळच बोलायची. “करून बघू या.”

मंगळवारी सकाळी दोघांनी अंगणात आठ मडकुली मांडली. प्रत्येकात तांब्याची गुंडाळी, मध्ये लोखंडी खिळा, वरून चिंचेचा कोळ. सगळी तारेनं एकापुढे एक जोडली. जननीनं टोकाला कणीएवढा लाल एलईडी दिवा लावला.

काही झालं नाही.

“वाटलंच मला,” वरुणराव पुटपुटले. “माझं नेहमी असंच.”

“पाचव्याच्या खिळ्यावरची तार सुटलीय,” स्वयंपाकघराच्या दारातून राजलक्ष्मी म्हणाली. “आणि माझी रसमाची चिंच संपवलीत दोघांनी!”

जननीनं खिळ्याला तार पुन्हा गुंडाळली. वरुणरावांनी दोन्ही हातांची ओंजळ दिव्यावर धरली आणि आत डोकावून पाहिलं.

दिवा लागला होता. अगदी मंद, पण लागला होता!

सत्तर वर्षांचा तो भिडस्त माणूस अंगणात चक्क नाचला. धोतराचा काठ चिंचेच्या पाण्यात भिजला. राजलक्ष्मी इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं.

“बघितलंत? आता लिहा, त्या जुन्या लोकांकडे वीज होती म्हणून!” ती म्हणाली.

वरुणराव थबकले. “वीज निघते, एवढंच दिसलं. त्यांना ती माहीत होती, हे कुठे दिसलं?”

“मग तसं लिहा.”

“म्हणजे मला माहीत नाही, असं लिहू? ती हसेल.”

“हसू द्या.”

त्यांनी एका बैठकीत पत्र लिहिलं. ‘अशा बरणीतून वीज निघते, ती मी डोळ्यांनी पाहिली. पण त्या लोकांनी ती काढली होती का, मला माहीत नाही. उशिराबद्दल क्षमा.’ या खेपेला कागद फाडला नाही.

बुधवारी पोस्टात पोस्टमास्तर राममूर्तींनी तिकीट चिकटवलं. पत्ता वाचून ते थबकले आणि चष्मा वर सारून त्यांनी तो पुन्हा वाचला.

“सार, ही शेषम्मा कोण? घर तर तुमचंच आहे.”

वरुणरावांचे कान लाल झाले.

“आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात,” ते म्हणाले, आणि त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.