कर्ज फिटल्यावरचं हळदीकुंकू

टेबलावर स्टीलच्या वाट्यांची चळत होती, शेजारी तिळगुळाचा डबा होता, आणि काळी साडी नेसलेली हेमांगी दाराकडे डोळे लावून बसली होती. या घरातलं तिचं हे पहिलंच हळदीकुंकू.

वीस वर्षांचं गृहकर्ज तिच्या नवऱ्याने, दिवाकरने, बारा वर्षांतच फेडलं होतं. तोवर दर संक्रांतीला शेजारणी बोलवायला यायच्या आणि दर संक्रांतीला हेमांगीचं डोकं नेमकं दुखायचं. "एकदा गेलीस की त्यांनाही बोलवावं लागेल," दिवाकर बजावायचा. "मग वाण आलं, खाणं आलं. आधी घर आपलं होऊ दे." पुढे शेजारणींनी बोलावणंच सोडलं, तेव्हा तिला उलट हायसं वाटलं होतं.

यंदा ती घरोघर जाऊन आमंत्रण देऊन आली होती. सगळ्या गोड हसून "येतो हं" म्हणाल्या होत्या. आता त्यांच्या बांगड्या जिन्यात वाजत होत्या, दारापर्यंत येत होत्या आणि वरच्या मजल्यावर निघून जात होत्या.

"बिल ठेवलंयस ना?" दिवाकरने विचारलं. "वाट्या परत करता येतील."

तेवढ्यात बेल वाजली. तळमजल्यावरच्या भाडेकरूंची नवी सून एकटीच आली होती.

"बाकी सगळ्यांकडे सगळ्या भेटल्या, तुम्हीच कुठे दिसला नाहीत," ती बसता बसता म्हणाली. "नवीनच आलात का इथे राहायला?"

हेमांगीने तिला हळदीकुंकू लावलं, हातात वाटी दिली.

"हो," ती म्हणाली, "आत्ताच आलो."