नमुन्याचा हात

आपल्या सांगलीच्या शुश्रूषा केंद्रात हेमलता प्रत्येक नव्या ग्राहकाला यंत्रसेविकेचा नमुना-स्पर्श देई. हा माझ्या आईचा, असे ती अभिमानाने सांगे. मरण्यापूर्वी आईच्या बोटांनीच तो यंत्राला शिकवला होता.

आज यंत्राने नव्यानेच आलेल्या चंद्रभागाबाईंच्या विरळ केसांत तेल जिरवले आणि त्या वृद्धेचे डोळे पाझरले.

"जाहिरातीत नुसते फोटो कसले छापतेस गं? हा हात छाप! खरं सांग, तुझ्या आईचा अगदी असाच होता?"

आई गेल्यापासूनच्या सहा वर्षांत हेमलताने त्या हाताखाली स्वतःचे डोके कधीच दिले नव्हते. तो परका निघाला असता, तर आई दुसऱ्यांदा गेली असती.

"सरका थोडं, मावशी," ती अखेर म्हणाली, आणि वेणी सोडत यंत्राच्या पायांशी बसली.