सत्तेचाळिसावी फ्लॉपी

चिपळूणचा हमीद आणि रत्नागिरीचा अक्रम हे सख्खे भाऊ. बापाची होडी विकली तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. पण मच्छीमारांना भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम दोघांनी मिळून लिहायला घेतला होता, तो काही सोडवेना. असले प्रोग्राम लोक परदेशातल्या साइटवर ठेवतात, कोणी काय बदललं ते तिथे कळतं; इथली फोनलाइन मात्र तिथवर पोचायच्या आत तुटायची. म्हणून आलटून-पालटून एसटीच्या कंडक्टरजवळ फ्लॉपी जायची. सोबत एका ओळीची चिठ्ठी: काय बदललं. जास्तीचा शब्द नाही.

सत्तेचाळिसावी फ्लॉपी हमीदने आपली पाळी नसताना पाठवली. चिठ्ठीत होतं, ‘बदल: काही नाही.’

अक्रमने दोन्ही प्रोग्राम ताडून पाहिले. अक्षराचाही फरक नव्हता.

“मग पाठवली कशाला?” तो करवादला.

“तुम्ही तीन आठवडे तापाने पडून होता,” त्याची बायको झरीन म्हणाली. “इथून फ्लॉपी गेलीच नाय.”

मग तीच फ्लॉपी अक्रमने दुपारच्या गाडीने परत धाडली.

‘बदल: ताप उतरला. रविवारी जेवायला ये.’