दीर्घिकेतला ठिपका

“ताई, तारा फुटलाय! या ना इकडे, बघा!”

धाकट्या जावेची हाक ऐकली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. दोघी एकाच वेधशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर. दुर्बिणीने काढलेले फोटो जुन्या फोटोंशी ताडून पाहायचे, नवं काही दिसलं तर कळवायचं, हे काम. थोरलीची बावीस वर्षं त्यात गेली, पण एकही नवा तारा हाती लागला नाही. धाकटीला तर नोकरीला लावलंही तिनेच. आणि आठ महिन्यांत बाईसाहेबांना सुपरनोव्हा!

पडद्यावर दक्षिण आकाशातली सर्पिल दीर्घिका होती. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असलेला ताऱ्यांचा पुंजका, गोगलगाईच्या शंखासारखा वळत गेलेला. तिच्या बाहेरच्या कडेला टपोरा ठिपका. गुरुवारच्या फोटोत होता, जुन्यात नव्हता.

साहेब धावतच आले. “थोरल्या बाईंनी एकदा तपासलं की जगाला कळवू. शोध धाकट्या बाईंच्या नावावर!”

थोरलीचा नुसता जळफळाट झाला. खोटं निघू दे, ती मनात घोकत होती, खोटं निघू दे गं बाई. तिने तीच दीर्घिका इतर दिवसांच्या फोटोंत शोधायला घेतली. सोमवारचा फोटो उघडला आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ठिपका तिथेही ऐटीत बसला होता.

“हात्तिच्या!” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “हा तर सोमवारीही आहे. कसला नवा नि कसलं काय! कुठलातरी जुनाच तारा असेल, जुन्या फोटोत नीट उमटला नसेल. उगाच गवगवा!”

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी मात्र माउस हातात घेतला. रविवारचा फोटो उघडला. ठिपका नव्हता. शनिवारच्यातही नव्हता.

“जुना कुठला? सोमवारी पहिल्यांदा दिसलाय,” ते म्हणाले. “सोमवारचे फोटो कुणाकडे होते?”

धाकटीने घाईघाईने नोंदवही उघडली. “ताईंकडे!” ती आनंदाने ओरडलीच. “अहो ताई, शोध तुमचाच की! माझ्याआधी तुमच्याकडे आला होता.”

“मग सोमवारीच का नाही सांगितलंत?” साहेबांनी विचारलं.

थोरलीने धाकटीच्या हातातली नोंदवही ओढून मिटली. सोमवारी तिने आपले फोटो न उघडताच ‘पाहिले’ अशी खूण केली होती. अख्खा दिवस ती धाकटीने आधी तपासलेले जुने फोटो पुन्हा तपासत बसली होती, एखादी तरी चूक सापडेल म्हणून.