अळ्यांचा वाटा

कपाशीच्या बियाण्याच्या थैलीतलं छोटं पाकीट याही गावात उकिरड्यावरच सापडलं. कृषी सहायक हेमलतानं ते उचललंसुद्धा नाही. त्यातली साधी सरकी शेताच्या कडेनं लावा, बोंडअळीला तिच्या वाट्याचं खाऊ द्या, नाहीतर ती बीटी कपाशीतल्या अळीमारक विषालाही सरावेल, हे सांगून सांगून अकरा वर्षांत तिच्या जिभेला घट्टे पडले होते. हल्ली ती वाक्य अर्ध्यातच सोडून द्यायची.

शेवटच्या शेतात मात्र ती थबकली. आतली कपाशी धडधाकट होती, पण चारही कडांच्या ओळींतली बोंडं अळ्यांनी पोखरली होती.

निंदणारी गिरजामाय कंबर धरून उठली. "पोरानं सांगतलं, हे किडकं उपटून टाक. म्या म्हटलं, मॅडमनं अळ्यांच्या वाट्याचं पेरायले लावलं, तं त्याहीनं खाल्लंच पाहिजे. साऱ्याईनच लावलं असंन ना?"

हेमलतानं बांधावर चढून चौफेर पाहिलं. नजर पोचेल तिथवर एकाही शेताला अशी कड नव्हती.

"नाही, माय. तुम्ही एकट्यांनीच."

गिरजामायनं पुन्हा खुरपं उचललं.

"तरीच," ती म्हणाली, "साऱ्या गावच्या अळ्या माह्याच पंगतीले आल्या."